वजन कुठल्या पायावर आहे?

पुण्यातल्या म्हात्रे पुलावरून घरी चालत येत होते. मार्च महिना, दुपारचे साडेतीन. मागून कॉलेजातली एक मुलगी धावत आली. "काकू, अहो काकू, तुमची चप्पल!" तिच्या हातात माझ्या डाव्या पायातली चप्पल होती. खाली पाहिलं तेव्हा कळलं की पाऊल उघडं आहे. पंधरा-वीस पावलं मी तापलेल्या फुटपाथवरून तशीच आले होते. चप्पल निसटल्याचं पायाला कळलं नव्हतं, चटकाही कळला नव्हता. रात्री तळव्यावर फोड दिसला. दिसला म्हणून कळला, दुखला म्हणून नाही.

ही २०२२ सालची गोष्ट. मी अडतीस वर्षांची होते आणि शाळेत आठवी-नववीला गणित शिकवत होते. अजूनही शिकवते. त्याच्या तीन वर्षं आधी उजव्या डोळ्यासमोर धुकं आलं होतं, डोळा फिरवला की दुखायचा, लाल रंग विटल्यासारखा दिसायचा. महिन्याभरात ते आपोआप ओसरलं आणि मी विसरून गेले. मग पायाला मुंग्या सुरू झाल्या. एका डॉक्टरांनी मानेचं दुखणं ठरवून पट्टा दिला, दुसऱ्यांनी शाळेचं टेन्शन घेऊ नका म्हणून सांगितलं. चपलेच्या प्रसंगानंतर मात्र नवरा ऐकेना. एमआरआय झाला, मेंदूत आणि मानेतल्या मज्जारज्जूत पांढरे डाग दिसले, पाठीतून पाणी काढून तपासलं. मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे एमएस. पाच दिवस सलाइनमधून स्टेरॉइड घेतलं आणि मग कायमची औषधं सुरू झाली.

थोडक्यात सांगायचं तर शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं मायलिन नावाचं आवरण खाते. जिथे आवरण गेलं तिथे निरोप उशिरा पोचतो, अर्धवट पोचतो, कधी पोचतच नाही. हा आजार पुरुषांपेक्षा बायकांमध्ये दुपटीहून जास्त दिसतो आणि ऐन उमेदीच्या वयात गाठतो. बाहेरून काही दिसत नाही. "अगं, दिसतेस तर छान!" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता त्यावर नुसतं मान हलवते.

उष्णतेशी माझं काय वाकडं आहे, हे त्या वर्षीच्या दिवाळीत कळलं. नरक चतुर्दशीची पहाट, सासूबाईंनी तेल चोळून दिलं, उटणं लावलं, बंबातलं कढत पाणी. दोन तांबे अंगावर घेतले आणि उजव्या डोळ्यापुढे राखाडी पडदा आला. उठायला गेले तर गुडघे लटपटले. न्हाणीघराच्या फरशीवर बसून मी हाका मारत राहिले. अर्ध्या तासानं, पंख्याखाली, सगळं पूर्ववत झालं. मला वाटलं, आजाराचा नवा झटका आला. न्यूरॉलॉजिस्टांनी समजावलं की हा झटका नाही. आवरण गेलेली नस तापली की तिच्यातून विद्युतप्रवाह नीट जात नाही. शरीराचं तापमान अर्ध्या अंशानं चढलं तरी पुरतं. उथॉफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी १८९० मध्ये हे नोंदवलं होतं, व्यायामानंतर रुग्णांची नजर मंदावते म्हणून. एमआरआय येण्याआधीच्या काळात तर एमएसचा संशय असलेल्या माणसाला गरम पाण्याच्या टबात बसवून तपासायचे. अभ्यंगस्नानानं माझी तीच तपासणी झाली होती म्हणायची.

हे ठाऊक असूनही मी पुढची चूक केलीच. जानेवारीत एका मैत्रिणीबरोबर घराजवळच्या योगवर्गाला गेले. योग म्हणजे चांगलंच, त्यानं वाईट काय होणार, असं सगळे म्हणत होते आणि मलाही तेच वाटत होतं. बंद हॉल, खिडक्या लावलेल्या, पंखा बंद. घाम आलाच पाहिजे हा तिथला नियम. बारा सूर्यनमस्कार भरभर घालायचे. चौथ्याला डावा पाय पुढे येईना, फरशीवरून घासत आला. सहाव्याला डोळ्यापुढे तोच राखाडी पडदा. शिक्षक म्हणाले, "मॅडम, मनाचा निश्चय कमी पडतोय." नंतर हलासनात हनुवटी छातीला टेकली तेव्हा मानेपासून पाठीच्या कण्यातून थेट टाचांपर्यंत विजेचा झटका गेला. मान वाकवल्यावर असा करंट जाणं हे एमएसमधलं ओळखीचं लक्षण आहे, लेर्मिट या फ्रेंच डॉक्टरांच्या नावानं ते ओळखतात. मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटलं, मान मोडली.

त्या शिक्षकांचा राग मी धरलेला नाही. त्यांनी निरोगी माणसं शिकवली होती. पण "निश्चय कमी पडतोय" हे शब्द मात्र आत जाऊन बसले. पुढचे आठ महिने मी काहीच केलं नाही. शाळा, घर, पलंग. पडेन या भीतीनं चालणं कमी केलं, चालणं कमी झाल्यानं मांड्या सुकल्या, मांड्या सुकल्यानं आणखी पडायला लागले. यातलं आजाराचं किती आणि नुसतं बसून राहिल्याचं किती, हे त्या वेळी मला वेगळं काढता आलं नसतं. आज वाटतं, निम्मं तरी बसून राहिल्याचं होतं.

मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९८५ पासून काम करतेय आणि पुण्यातही तिची शाखा आहे. तिथल्या रुग्णांच्या एका भेटीत साठीच्या एक बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या, हातात काठी, केसात अबोलीचा गजरा. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तू मंगळवारी ये. कोणी तुला निश्चय विचारणार नाही."

मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी सात ते आठ, एरंडवण्यातल्या एका सोसायटीचा तळमजल्यावरचा हॉल. पायऱ्या नाहीत, संडास हॉलला लागून. आम्ही सातजण. शिकवणारे दोघं. योग शिकवणाऱ्या ताई अय्यंगार पद्धतीत तयार झालेल्या, आणि ताय ची, म्हणजे सावकाश हालचालींचा चिनी व्यायाम, शिकवणारे सर निवृत्त इंजिनिअर. नोकरीनिमित्त ते काही वर्षं सिंगापूरला होते, तिथल्या बागेत पहाटे म्हातारी माणसं जे करायची ते आधी बघत आणि मग त्यांच्यातच उभं राहून शिकले.

पहिल्या दिवशी ताईंनी मला काहीच करायला लावलं नाही. समोर वही घेऊन बसल्या. गरम पाण्यानं काय होतं? संध्याकाळी जास्त थकवा येतो की दुपारी? पोटरीत गोळा येतो का, रात्री पाय आपोआप उडतो का? मान खाली केल्यावर करंट जातो का? आणि शेवटी, आवाज खाली आणून, "लघवीला घाईनं जावं लागतं का ग?" मी मान हलवली. हे मी नवऱ्यालाही धड सांगितलं नव्हतं. त्यांनी काही न बोलता माझी सतरंजी उचलली आणि दाराजवळ, संडासाला सगळ्यात जवळच्या कोपऱ्यात घातली. अजूनही माझी जागा तीच आहे.

सुरुवात भिंतीपासून झाली. ताडासन, पण पाठ भिंतीला टेकून, समोर खुर्ची, खुर्चीचे मागचे पाय रबरी मॅटवर म्हणजे सरकायला नको. ताईंनी पायाशी बसून माझी बोटं बघितली. डाव्या पायाची बोटं फरशी पकडायला बघत होती, पोपट काठी पकडतो तशी. मला त्याचा पत्ताच नव्हता. त्यांनी एकेक बोट हातानं सरळ करून ठेवलं. "बघ तिकडे. पाय सांगत नाही ना, मग डोळ्यांनी विचार." अधोमुख श्वानासन मी खुर्चीच्या पाठीवर हात टेकवून करते, डोकं खाली जात नाही, मान वाकत नाही. वृक्षासनात उचललेल्या पायाची बोटं जमिनीला टेकलेलीच राहतात. आणि शेवटची पंधरा मिनिटं आडवं पडून: कमरेखाली लोड, पाय भिंतीला वर, म्हणजे विपरीत करणी, किंवा लोडावर पाठ टेकून, मांड्यांखाली घड्या घातलेल्या चादरी देऊन, पट्टा बांधून सुप्त बद्धकोनासन. पोटरीतला ताठरपणा तिथे हळूहळू सुटतो. सुटताना कळतो, हे विशेष.

हे लोड, पट्टे, विटा, खुर्च्या म्हणजे आजाऱ्यांसाठीची तडजोड आहे असं मला आधी वाटायचं. तसं नाही. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात आले ते डेक्कन जिमखान्यावर योग शिकवायला, आणि लहानपणी मलेरिया, टायफॉइड, क्षय असं सगळं भोगून आलेले होते. दुबळं शरीर आतून कसं असतं हे त्यांना दुसऱ्या कोणी सांगायला नको होतं. साधनं वापरून आसन माणसाच्या मापाचं करायचं, माणूस आसनाच्या मापाचा नाही, ही पद्धत त्यांनी याच गावात घडवली. मॉडेल कॉलनीतली त्यांची संस्था १९७५ पासून आहे, माझ्या घरापासून रिक्षानं पंधरा-वीस मिनिटांवर. इतकी वर्षं मी त्या रस्त्यानं गेले आणि कधी आत डोकावले नाही, याची आता हळहळ वाटते.

ताय चीचा पहिला तास मात्र मला निराश करून गेला. मनात व्हिडिओत पाहिलेलं होतं, तलावाकाठी हात लहरवणारी माणसं. सरांनी सहा आठवडे हात वापरूच दिले नाहीत. ओट्यासारख्या उंच टेबलाला दोन्ही हात टेकवून उभं राहायचं, पावलं खांद्याइतकी लांब, गुडघे किंचित सैल, आणि वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर न्यायचं. बस. उजवीकडे, मग डावीकडे.

"वजन कुठल्या पायावर आहे?" सरांनी विचारलं.

"दोन्हींवर."

"किती-किती?"

"सारखं."

ते आत गेले आणि घरी असतात तसले दोन वजनकाटे घेऊन आले. शेजारी शेजारी ठेवले आणि एकेक पाय एकेकावर ठेवायला सांगितलं. माझं वजन अठ्ठावन्न किलो. उजवा काटा एक्केचाळीस दाखवत होता, डावा सतरा.

मी बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत राहिले. आयुष्यभर मी मुलांना समीकरणाच्या दोन्ही बाजू सारख्या ठेवायला शिकवलं होतं, आणि मी स्वतः सतरा आणि एक्केचाळीसवर उभी राहून त्याला सारखं म्हणत होते. डावा पाय निरोप देत नव्हता म्हणून शरीरानं त्याला परस्पर कामावरून काढून टाकलं होतं. मला न विचारता. सगळा भार उजव्यावर, म्हणून उजवा गुडघा दुखायचा, आणि मी ते वयाच्या खात्यात टाकलं होतं. सर म्हणाले, "आता काट्याकडे न बघता एकोणतीस-एकोणतीस करून दाखवा. घाई नाही." त्यांच्या "घाई नाही" ला आम्हा सगळ्यांच्या घरात आता म्हणीचा दर्जा मिळालाय.

एकोणतीसला पोचायला पाच महिने लागले.

मग पाऊल. ताय चीत पाऊल आधी रिकामं टाकतात. टाच अलगद टेकते, पायात वजन काहीच नसतं, हवं तर उचलून परत घेता येतं. मग एका भांड्यातलं पाणी दुसऱ्या भांड्यात ओतावं तसं वजन पुढच्या पायात हळूहळू ओतायचं, आणि मागचा पूर्ण रिकामा झाला की मगच तो उचलायचा. निरोगी माणूस चालताना स्वतःला पुढे झोकून देतो आणि पाय येऊन सावरतो. माझा पाय वेळेवर येईल याची खात्री नाही, म्हणून मला झोकून देणं परवडत नाही. रिकामं पाऊल म्हणजे पुढची फरशी ओली आहे का, मॅट दुमडलीय का, पायपुसणं सरकतंय का, हे भार देण्याआधी विचारून घेणं. गेल्या दोन वर्षांत मी जितक्या वेळा पडता पडता वाचले तितक्या वेळा याच एका सवयीनं वाचले.

हळू का, हे सांगायला हवं, कारण बहुतेकांना ती सवलत वाटते. आजारी आहे बिचारी, जमेल तेवढं करू द्या, असं. एमएसमध्ये स्नायू ताठरतात ते ताणाच्या वेगानुसार: झटक्यानं ताणलं तर जास्त आवळतात, सावकाश ताणून तिथेच थांबलं तर सैल पडतात. जोरात व्यायाम केला तर अंग तापतं आणि अंग तापलं की नजर आणि पाय दोन्ही जातात. म्हणजे हळू करणं हीच इथली पद्धत आहे, बाकीच्यांच्या मानानं कमी करणं नव्हे. दहा मिनिटं रिकामं पाऊल टाकून मांड्या थरथरतात तेव्हा ते कोणालाही करून बघायला सांगावंसं वाटतं.

हात सातव्या आठवड्यात आले. सर चोवीस हालचालींचा जो सोपा क्रम आहे, १९५६ मध्ये चीनमध्ये बसवलेला, त्यातल्या मोजक्या घेतात. नावं ऐकून सासूबाईंना फार मौज वाटली: रानघोड्याची आयाळ विंचरणं, पांढरा करकोचा पंख पसरतो, ढगांसारखे हात. ढगांसारख्या हातांत एक हात चेहऱ्यासमोरून सरकतो, दुसरा पोटासमोरून, आणि नजर वरच्या हातामागून जाते. माझ्यासाठी ही नजरच महत्त्वाची ठरली. तोल सांभाळायला माणसाला डोळे, कानातलं यंत्र आणि पायाची जाण असे तिघं लागतात. माझा तिसरा रजेवर असतो, त्यामुळे मी सगळा भार डोळ्यांवर टाकला होता. बेसिनपाशी तोंडाला साबण लावून डोळे मिटले की मी मागे झुकायचे, दोनदा नळाला धरून वाचले. सरांनी नजर हलती ठेवून उभं राहायला शिकवलं, मग टेबलाला एक बोट टेकवून अर्धे मिटलेले डोळे, मग दोन श्वासांपुरते पूर्ण मिटलेले. आज मी दोन्ही हातांनी तोंड धुते. लिहायला ही किती लहान गोष्ट आहे!

आमच्या वर्गात एक काका व्हीलचेअरवर येतात, माजी बँक अधिकारी. पाय जवळजवळ हलत नाहीत. ते सगळं बसून करतात, आणि त्यांच्या ढगांसारख्या हातांसारखे हात आमच्यात कोणाचे नाहीत. ते हालचाल सुरू करतात तेव्हा हिंजवडीला नोकरी करणारा आमच्यातला सव्वीस वर्षांचा मुलगा आपली हालचाल थांबवून बघत राहतो. सरही त्याला टोकत नाहीत.

वेळेचा हिशोब काटेकोर असतो. चार मिनिटं उभं, दोन मिनिटं बसून. घंटी वाजली की बसायचंच, अंगात जोर असला तरी. हे मला सगळ्यात जड गेलं. बरं वाटत असताना थांबणं हे आपल्याला कोणी शिकवलेलं नसतं; दमल्यावर थांबायचं एवढंच ठाऊक. पण एमएसचा थकवा दमणुकीसारखा नसतो. तो रात्रभर झोपून जात नाही, आणि एकदा उंबरा ओलांडला की दोन-दोन दिवस वसूल करतो. ताई म्हणतात, "उद्याचं आज खर्च करू नकोस." मी वही ठेवलीय. तारीख, किती मिनिटं उभी, दुपारी चार वाजता कशी होते. आठवड्याआड वही बघून मिनिटं ठरतात. सुरुवातीला एका तासात उभं राहणं सगळं मिळून आठ मिनिटं होतं, आता चोवीस.

एप्रिल-मेमध्ये वर्ग साडेसहाला भरतो. पुण्यात पारा चाळिशीच्या वर जायला लागला की सात म्हणजेही उशीर. येण्याआधी मी गार पाण्यानं अंघोळ करते, पाच मिनिटं पावलं बादलीत बुडवते, गळ्याभोवती ओला पंचा. पंखे दोन्ही चालू. प्राणायामात भस्त्रिका-कपालभाती आम्ही घेत नाही, साधा लांब श्वास आणि उच्छ्वास. शवासनात ताई कपाळावर गार पाण्यात पिळलेली रुमालाची घडी ठेवतात आणि पुढे सरकतात.

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मला पुन्हा झटका आला. उजवा हात. खडू धरला होता आणि खाली पडला, उचलला, पुन्हा पडला. नववीतली एक मुलगी न बोलता उठून फळ्यावर लिहायला लागली. पुन्हा स्टेरॉइड, पुन्हा महिनाभर घरी. वर्गाला परत गेले तेव्हा मी चिडलेली होते. वर्षभर मंगळवार-शुक्रवार चुकवला नाही, घरी रोज वीस मिनिटं, आणि हे असं! ताईंपाशी मी रडले. त्यांनी रडू दिलं. मग विचारलं, "यानं आजार थांबेल, असं मी तुला कधी म्हटलं होतं का?"

म्हटलं नव्हतं. आणि हे मी इथे स्पष्ट लिहिते, कारण माझ्या नात्यातल्या एकांनी मला औषध बंद करून फक्त योग करायचा आग्रह फोनवर तीन महिने चालवला होता, मायेनंच. झटके कमी व्हावेत म्हणून औषध आहे. योग आणि ताय ची झालेल्या नुकसानीसह जगायला शिकवतात. एकाचं काम दुसऱ्याला सांगू नका. २००४ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात एमएसच्या ६९ जणांवर एक अभ्यास झाला. काहींना सहा महिने अय्यंगार योग, काहींना एका जागी राहणारी सायकल, काही नुसते प्रतीक्षेत. योगवाल्यांचा आणि सायकलवाल्यांचा, दोघांचाही थकवा कमी झाला. स्मरणशक्तीत, एकाग्रतेत फरक पडला नाही. आमच्या मॉडेल कॉलनीतली पद्धत तिथे पोचली म्हणून मला अभिमान वाटला, आणि सायकलनंही तेवढंच साधलं हे त्यांनी मोकळेपणानं लिहिलं म्हणून विश्वास वाटला. ताय चीचा पार्किन्सनच्या १९५ रुग्णांवरचा तिथलाच अभ्यास २०१२ चा, त्यात पडण्याचं प्रमाण घटलेलं दिसलं. पण तो आजार वेगळा; एमएसबद्दल ताय चीचे अभ्यास अजून लहान आहेत. मला माझी वही पुरते.

झटक्यानंतर मी काकांच्या शेजारी खुर्चीत बसून पहिल्यापासून सुरू केलं. उजवा हात ढगात अर्ध्यावरच अडायचा. काका त्यांचा हात माझ्या लयीला आणायचे, म्हणजे मी एकटी मागे पडू नये. माझ्यासाठी ते दोन वजनकाटे पुन्हा बाहेर आले: तेहतीस, पंचवीस. पूर्वीइतकं वाईट नव्हतं. शरीरानं काही राखून ठेवलं होतं.

काय बदललं नाही तेही सांगते. डावं पाऊल अजून बधिर आहे, चप्पल मी आता मागे पट्टा असलेलीच घालते. उन्हात डोळा अजून जातो. शिकवताना एखादा शब्द हातातोंडाशी येऊन नाहीसा होतो. बसमध्ये उभं राहायची हिंमत मी करत नाही. २०१६ च्या कायद्यात एमएसचा दिव्यांगत्वात समावेश झाला, त्याचं प्रमाणपत्र मी काढलंय आणि राखीव जागेवर बसताना आता संकोच करत नाही.

आमच्याकडे गौरी असतात, मुखवट्यांच्या. थोरली सून म्हणून ज्येष्ठा दारातून आत आणायची ती मी. आजार कळल्यावर ओळीनं तीन वर्षं जाऊबाईंनी दोन्ही आणल्या, एक ठेवून पुन्हा दाराशी जाऊन दुसरी. मुखवटा पितळी आहे, जड आहे, आणि हातातून पडला तर, हा विचारच नको वाटायचा. या वर्षी सासूबाई आदल्या रात्री माझ्या खोलीत आल्या. मी ओट्याला न धरता भांडी लावताना त्यांनी आठवडाभर पाहिलं होतं. "जमेल का ग?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "आई, घाई केली नाही तर जमेल."

दारात त्यांनी माझ्या पावलांवर दूध-पाणी घातलं. डाव्या पायाला ते कळलं नाही, मी बघितलं म्हणून कळलं. उंबऱ्यापासून देवघरापर्यंत लेकीनं रांगोळीची पावलं काढली होती, त्यांच्यावर हळद-कुंकू. मुखवटा ताम्हनात, ताम्हन दोन्ही हातांत, छातीशी. म्हणजे खाली बघायला नीटशी सोय नाही. उजवा पाय उंबऱ्याबाहेर, डावं रिकामं पाऊल आत. टाच टेकली. थांबले. वजन ओतलं. मग उजवा.

जाऊबाई मागे कनिष्ठा घेऊन, नवरा घंटा वाजवत, लेक ताटावर चमचा आपटत. "गौरी आली! कशाच्या पावलांनी आली?" सासूबाईंनी विचारायचं आणि आम्ही सांगायचं, "सोन्याच्या पावलांनी आली." एरवी ही मिरवणूक दोन मिनिटांत आटपते. त्या दिवशी सगळे माझ्या चालीनं चालले. प्रत्येक पावलाला ताटाचा एक ठोका, मग लेक थांबायची, माझा मागचा पाय उचलेपर्यंत, आणि मग पुढचा. स्वयंपाकघर दाखवलं, धान्याचे डबे दाखवले, कपाट दाखवलं, मुलांच्या अभ्यासाची खोली दाखवली. देवघरापाशी पोचले तेव्हा मांड्या थरथरत होत्या. ज्येष्ठा मखरात ठेवली.

मागे वळले तर लेकीनं माझ्यामागे खुर्ची आणून ठेवली होती, मागचे पाय रबरी मॅटवर. मी बसले. तिनं गार पाण्यात पिळलेला पंचा गळ्यात टाकला आणि हळदीकुंकवाचं ताट आणायला आत गेली.